हाताला लागलेला गारवा

८ सप्टेंबर १८८८, शनिवार, सकाळचे साडेसहा. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात २९, हॅनबरी स्ट्रीट या घराच्या मागच्या अंगणात पोलीस सर्जन डॉ. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स ॲनी चॅपमनच्या प्रेताजवळ वाकले आणि त्यांनी हात लावून पाहिला. अंग गार पडलं होतं. फक्त पोटात, आतड्यांच्या खाली, थोडी ऊब उरली होती. हातपाय ताठायला जेमतेम सुरुवात झाली होती. तेवढ्यावरून त्यांनी मत दिलं: मरून निदान दोन तास झालेत, बहुधा जास्तच.

व्हाइटचॅपलच्या खुनांवर, म्हणजे जॅक द रिपरच्या नावावर असलेल्या पाच बायकांच्या खुनांवर, गेली सव्वाशे-दीडशे वर्षं जो खल चालू आहे, त्यातला मोठा वाटा या एका मतामुळे आहे. फिलिप्स बरोबर असतील तर खून साडेचारच्या आत झाला. मग जॉन रिचर्डसनचं काय करायचं? तो पावणेपाचला, पाच मिनिटं इकडेतिकडे, त्याच अंगणाच्या पायरीवर बसून बुटाचं टोचणारं चामडं कापत होता. प्रेत सापडलं ते पायऱ्या आणि कुंपण यांच्यामधल्या अरुंद जागेत, उतरणाऱ्याच्या डाव्या हाताला. त्याला काहीच दिसलं नाही. शेजारच्या घरातला अल्बर्ट कॅडॉश सव्वापाचनंतर अंगणात गेला, तेव्हा कुंपणापलीकडून ‘नो’ असा आवाज त्याने ऐकला आणि दुसऱ्या खेपेला काहीतरी फळ्यांवर आदळल्याचं. एलिझाबेथ लाँग बाजाराला निघाली होती. दारूभट्टीच्या घड्याळात साडेपाचचा टोला पडला तेव्हा चॅपमन एका पुरुषाशी बोलत उभी होती, असं ती शपथेवर म्हणाली. लाँग आणि कॅडॉश यांच्या वेळांतही दहाएक मिनिटांचा फरक आहे, पण तो घड्याळांचा. १८८८ साली गरिबाच्या घरात नेमकी वेळ दाखवणारं घड्याळ नसायचं, लोक चर्चच्या आणि भट्टीच्या टोल्यांवर चालायचे. तेव्हा दहा मिनिटं इकडेतिकडे सोडून द्यायची. दोन तास आणि एक तास यांतला फरक मात्र तसा सोडता येत नाही.

यावर सरकारी यंत्रणेतच दोन तट पडले. कॉरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) विन बॅक्स्टर यांनी समारोपात साक्षीदारांची बाजू घेतली. सकाळचा गारवा आणि रक्तस्राव यांचा अंदाज डॉक्टरांना नीट बांधता आला नसावा, असा त्यांचा सूर होता. उलट १९ ऑक्टोबरच्या अहवालात चीफ इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सन यांनी डॉक्टर प्रमाण मानला आणि लाँगबाईंची साक्ष खेदाने संशयास्पद ठरवली. कोर्टाने साक्षीदारावर विश्वास ठेवला, पोलिसांनी डॉक्टरवर. आजही वाचणाऱ्यांची विभागणी साधारण अशीच होते, आणि दोन्हीकडे एक गृहीत धरलेलं असतं: फिलिप्स यांचा हात म्हणजे मोजमाप.

तो मोजमाप नव्हता. थर्मामीटर तेव्हा नव्हता अशातला भाग नाही. क्लिफर्ड ॲल्बट यांनी बनवलेला सहा इंची सुटसुटीत थर्मामीटर १८६० च्या दशकापासून डॉक्टरांना मिळत होता. १८६३ साली गाईज हॉस्पिटलच्या टेलर आणि विल्क्स यांनी प्रेतं कशी गार पडतात याची निरीक्षणं छापली होती. पण फिलिप्स यांच्या साक्षीत एकही अंश नाही. ना प्रेताचा, ना हवेचा. आहे तो फक्त हाताला लागलेला गारवा.

आता हा गारवा काय सांगू शकतो ते बघू. शरीराचा गाभा फार हळू निवतो. मेल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ, गाभ्याचं तापमान जवळजवळ हलतच नाही. मग ताशी दीड अंश फॅरनहाइट हा जुना ठोकताळा लावायचा. त्या हिशेबाने एका तासात दीड अंश आणि दोन तासांत तीन. हे गुदद्वारात थर्मामीटर घातला तर कळतं, तळव्याला कळत नाही. तळवा मोजतो ती कातडी. कातडी मुळातच गाभ्यापेक्षा थंड, आणि ती निवते भराभर. तीही उघडी असेल, ओली असेल, वाऱ्यावर असेल तर आणखी लवकर. शिवाय तळवा अंश मोजत नाही, फरक मोजतो. डॉक्टरचा हात खिशातून आत्ताच बाहेर आला की थंडीत अर्धा तास उघडा होता, यावरही उत्तर बदलतं.

चॅपमनचं तर पोट फाडलेलं होतं आणि आतडी बाहेर काढून खांद्यावर टाकलेली होती. ज्या खोलगट जागेत ऊब सगळ्यात जास्त वेळ टिकते, तीच उघडी. आज मृत्यूची वेळ काढायला हेन्सगे यांचा तक्ता वापरतात. त्यात गाभ्याचं तापमान, हवेचं तापमान, वजन, अंगावरचे कपडे आणि वारा एवढं घालावं लागतं. सगळं नीट मोजलं तरी तक्ता जे उत्तर देतो त्याच्या दोन्ही बाजूंना २.८ तास सोडायचे असतात, आणि ते सुद्धा सगळ्यात अनुकूल परिस्थितीत. पोट उघडलेल्या प्रेतासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. म्हणजे शंभर वर्षांनंतरची उत्तम पद्धत जिथे पाच-साडेपाच तासांचा पट्टा देते, तिथे एका तळव्याच्या जोरावर आपण एक तास की दोन तास असा वाद घालतो आहोत. (आपल्याकडे तर याची दुसरीच तऱ्हा. मे महिन्यात नागपुरात हवा ४४ अंशांवर गेली की उघड्यावरचं प्रेत गार पडायचं सोडून तापू लागतं. ताशी दीड अंशाचा ठोकताळा लंडनचा आहे, हे विसरून चालत नाही.)

तुलनेसाठी फार लांब जायला नको, त्याच मालिकेतली बाकीची प्रेतं आहेत. आणि इथे एक गंमत दिसते.

मेरी ॲन निकोल्स, ३१ ऑगस्ट, बक्स रो. शिपाई नील तिथून सव्वातीनला गेला होता तेव्हा रस्ता मोकळा होता. पावणेचारच्या सुमारास त्याला प्रेत दिसलं. डॉ. लुएलिन चारच्या आसपास आले. हात आणि मनगटं गार, धड आणि पाय गरम. मत: अर्ध्या तासाहून जास्त नाही. एलिझाबेथ स्ट्राइड, ३० सप्टेंबर, बर्नर स्ट्रीट. बारा पस्तीसला एका शिपायाने तिला जिवंत पाहिलेलं, एक वाजता प्रेत सापडलं, एक वाजून सोळा मिनिटांनी डॉ. ब्लॅकवेल हजर. हात गार, मान-छाती-पाय गरम. मत: वीस मिनिटं ते अर्धा तास. त्याच रात्री मायटर स्क्वेअरमध्ये कॅथरीन एडोज. शिपाई वॉटकिन्स दीड वाजता चौकातून गेला तेव्हा काही नव्हतं, एक चव्वेचाळीसला परतला तर प्रेत. डॉ. फ्रेडरिक गॉर्डन ब्राउन दोनच्या पुढे अठरा-वीस मिनिटांनी पोचले. मत: अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं.

तिन्ही मतं चोख. पण तिन्ही डॉक्टरांना प्रेताशेजारी उभ्या असलेल्या पोलिसांकडून प्रेत कधी सापडलं आणि त्याआधी जागा कधी रिकामी होती हे कळण्याची सोय होती. गाईडात मागचं उत्तर पाहून गणित सोडवल्यासारखं हे. उत्तर बरोबर येतं, पण त्यावरून गणित येतं असं सिद्ध होत नाही. ज्या दोन खुनांत उत्तर आधी माहीत नव्हतं, चॅपमन आणि मालिकेतली पाचवी, मेरी केली, नेमके तिथेच डॉक्टर आणि साक्षीदार यांचं बिनसतं. म्हणून ‘एवढे अनुभवी पोलीस सर्जन चुकतील कसे’ हा युक्तिवाद ऐकला की या तीन खुनांची आठवण करून द्यावी. तिथे त्यांची परीक्षाच झालेली नाही.

त्यांच्या मतांपेक्षा त्यांची निरीक्षणं जास्त कामाची आहेत. निकोल्स आणि स्ट्राइड या दोघींना मरून पाऊण-एक तासही झाला नव्हता, आणि तरी दोघींचे हात गार होते. निकोल्सच्या वेळी तर ऑगस्टची रात्र होती. म्हणजे पूर्व लंडनच्या रस्त्यावर गळा चिरलेल्या बाईचे हात अर्ध्या-पाऊण तासात गार पडत होते, हे लुएलिन आणि ब्लॅकवेल यांनीच साक्षीत सांगितलंय. चॅपमनच्या अंगाचा गारवा तासाभरात आला असेल का, या प्रश्नाला पुस्तकापेक्षा हे उत्तर जवळचं आहे.

ताठरतेचंही तसंच. पॅरिसमध्ये निडरकॉर्न याने ११३ प्रेतं तपासून १८७२ साली आकडे दिले होते: बहुतेकांत ताठरता तीन ते सहा तासांत पूर्ण झाली, पण काहींत दोनच तासांत आणि काहींत तेरा तास लागले. पूर्ण व्हायला जर दोन तास पुरत असतील, तर सुरुवात तासाभरात होणं अशक्य नाही. गार हवेत ताठरता रेंगाळते हे खरं. पण चॅपमन आजारी होती, फुप्फुसं आणि मेंदूची आवरणं जुन्या रोगाने पोखरलेली होती, असं फिलिप्सच सांगतात. आजारी माणसाच्या स्नायूंत ऊर्जेचा साठा कमी आणि मरताना झटापट झाली की तोही जळतो. अशा स्नायूंना ताठायला उशीर लागत नाही. उरला तो बटाटा. दीड-पावणेदोनला चॅपमन लॉजिंगच्या स्वयंपाकघरात बटाटा खात होती, आणि तिच्या जठरात थोडं अन्न सापडलं. यावरून साडेचारची वेळ काढणारे आहेत. पावणेदोननंतर तिच्या पोटात काहीच गेलं नाही, असं त्यासाठी धरावं लागतं. ती रात्रभर रस्त्यावर होती, कुणी काय खायला घातलं याचा हिशेब नाही. जठर रिकामं व्हायला लागणारा वेळ माणसागणिक बदलतो, दारूने बदलतो, भीतीने तर थांबतोच. पोटातल्या अन्नावर घड्याळ लावायचं म्हणजे एसटीच्या वेळेवर मुहूर्त काढायचा.

फिलिप्स यांच्यावर हे सगळं ढकलणं अन्यायाचं होईल. त्यांनी त्याच साक्षीत पुस्ती जोडली होती की सकाळ बऱ्यापैकी गार होती आणि एवढं रक्त गेल्यावर अंग लवकर गार पडतं. ही पुस्ती कुठे लागू होते यावर अजून रणं माजतात. ‘निदान दोन तास’ ही हद्द त्यामुळे खाली सरकते, की फक्त ‘बहुधा त्याहून जास्त’ हा भाग ढिला होतो? वाक्यावरून ठरवता येत नाही, कारण ते वाक्य त्यांच्या हातचं नाहीच. चॅपमनच्या चौकशीची मूळ कागदपत्रं शिल्लक नाहीत. पाच खुनांपैकी फक्त एडोज आणि केली यांच्या चौकशीची सरकारी कागदपत्रं टिकली. बाकी आपण वाचतो ते वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनी भराभरा उतरवून घेतलेलं, तेही प्रत्येकाने आपल्या जागेच्या हिशेबाने छाटलेलं. एका पेपरात डॉक्टर ठाम वाटतो, दुसऱ्यात तोच अडखळतो. तेव्हा एखाद्या क्रियाविशेषणावर सिद्धान्त उभा करण्याआधी निदान दोन-तीन पेपर शेजारी ठेवून वाचावेत. (कॉरोनर म्हणजे काय हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडेही कॉरोनर कोर्ट १९९९ पर्यंत होतं, आणि पोलीस सर्जन हे पद तर आजही आहे.)

डॉक्टरच्या हाती येईपर्यंत प्रेताचं काय होत होतं, तेही बघायला हवं. व्हाइटचॅपलला धड शवागार नव्हतं. ओल्ड माँटेग्यू स्ट्रीटवरच्या एका शेडमध्ये काम भागवलं जाई. निकोल्सचं प्रेत तिथे वर्कहाउसच्या दोन माणसांनी कपडे उतरवून धुऊन काढलं. आठवडाभरात चॅपमनच्या बाबतीत तेच झालं, या वेळी दोन नर्सेसकडून. फिलिप्स यांनी कोर्टात उघड तक्रार केली की अशा जागी पोस्टमॉर्टेम करायला लावणं योग्य नाही. धुतलेल्या प्रेतावर रक्ताचे ओघळ कुठल्या दिशेने गेले होते ते कळत नाही, हातावरचे डाग जातात, कपड्याची घडी जखमेवर कशी बसली होती हे हरवतं.

मग विश्वास ठेवावा असं काही आहे का? आहे, आणि ते बहुधा कमी गाजलेलं असतं. हॅनबरी स्ट्रीटला घराच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण १८ इंचांवर रक्ताचे सहाएक डाग होते. मोठ्यात मोठा सहा पेनीच्या नाण्याएवढा, लहान म्हणजे नुसता ठिपका. कुंपणाच्या फळ्यांवर १४ इंच उंचीवर, डोकं होतं त्याच्या बाजूलाच, रक्ताचे फराटे. यात डॉक्टरचं मत नाही, इंच आहेत. उभ्या माणसाचा गळा चिरला तर रक्त छातीवर, कपड्यांच्या पुढच्या बाजूवर उतरतं आणि भिंतीवर उडालंच तर खांद्याच्या उंचीला उडतं. इथे सगळं दीड फुटाच्या आत. म्हणजे गळा चिरला तेव्हा ती खाली पडलेली होती. या एका गोष्टीने ‘डावखुरा खुनी’ हे प्रकरणही बरंचसं निकालात निघतं. लुएलिन यांना आधी तसं वाटलं होतं, नंतर त्यांनाच शंका आली. समोरासमोर उभं राहून बाईच्या डावीकडून उजवीकडे चिरायचं तर डावा हात सोयीचा, मागे उभं राहून उजवा सोयीचा, आणि आडव्या पडलेल्या बाईच्या उजव्या अंगाला गुडघे टेकून बसलं तरी उजवाच. माणूस कुठे होता हे ठरल्याशिवाय हात ठरत नाही.

खुन्याच्या कौशल्याबद्दल तर डॉक्टरांचं एकमत कधी झालंच नाही. फिलिप्स यांना चॅपमनच्या प्रेतावर शरीररचनेचं ज्ञान दिसलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे सगळं त्यांना स्वतःला पाव तासाच्या आत जमलं नसतं, आणि शस्त्रक्रियेसारखं रीतसर करायचं तर जवळजवळ तास लागला असता. पण त्याच प्रेतात गर्भाशयाबरोबर मूत्राशयाचा दोन तृतीयांश भाग कापून गेला होता. सर्जनच्या टेबलावर याला कौशल्य म्हणत नाहीत. एडोजचा डावा मूत्रपिंड काढलेला होता. मूत्रपिंड पाठीच्या बाजूला, पडद्यामागे, चरबीत दडलेला असतो. ब्राउन म्हणाले, त्याची जागा माहीत असलेल्यानेच हे केलं असणार, आणि अशी माहिती जनावरं कापणाऱ्यालाही असते. त्यांच्या आधी तिथे पोचलेले डॉ. सिक्वेरा (आडनाव वाचून आपल्याला म्हापसा-मडगाव आठवेल, पण हे ज्यूरी स्ट्रीटचे) यांना विशेष कौशल्य दिसलं नाही. चौकाच्या तोंडाशी एक पस्तीसला तिघांनी जी बाई पाहिली ती एडोजच असेल, तर खुन्याला जेमतेम नऊ मिनिटं मिळाली. ब्राउन यांच्या मते कमीत कमी पाच लागली असती. अंधाऱ्या कोपऱ्यात पाच-नऊ मिनिटांत मूत्रपिंड हाताला लागणं म्हणजे ज्ञान, की पोटात चाचपडताना आलेली वस्तू कापून घेणं? प्रत्येक डॉक्टरच्या डोळ्यांपुढे ‘कुशल’ म्हणजे कोण होता, सर्जन, विद्यार्थी की खाटीक, हे आधी विचारलं तर निम्मं भांडण मिटतं.

पोलीस सर्जन थॉमस बाँड यांनी या सगळ्यावर बोळा फिरवला. १० नोव्हेंबरच्या अहवालात ते म्हणतात, खुन्याला खाटकाएवढीसुद्धा माहिती नव्हती. हा अहवाल फार उद्धृत होतो. मात्र पाचपैकी एकच प्रेत बाँड यांनी स्वतः पाहिलं होतं, मेरी जेन केलीचं. उरलेल्या चौघींबद्दल ते दुसऱ्यांची टिपणं वाचून बोलत होते. आणि केलीच्या प्रेतावर इतकी कापाकापी होती की तिथे कौशल्य दिसण्याचा सवालच नव्हता. एका टोकाच्या प्रेतावरून ते बाकीच्या चार टिपणांकडे वळले.

केलीच्या मृत्यूची वेळ त्यांनी कशी काढली ते सावकाश वाचण्यासारखं आहे. ९ नोव्हेंबर, १३ मिलर्स कोर्ट. पावणेअकराला खिडकीतून प्रेत दिसलं. फिलिप्स सव्वाअकराला आले, पण रक्तशोधक कुत्रे येणार म्हणून दार दीडपर्यंत उघडलंच नाही. शेवटी कुदळीने उघडलं. खिडकीची काच फुटलेली, चुलीत मोठा जाळ होऊन गेलेला. खोली रात्रभरात किती वेळ गरम होती आणि किती वेळ गार, हे सांगणं अशक्य. बाँड दोनला पोचले. ताठरता आली होती आणि तपासणी चालू असताना ती वाढत होती. हे निरीक्षण उत्तम आहे, कारण ताठरता वाढताना दिसली म्हणजे ती पूर्ण झालेली नव्हती. पण ती यायला सहा ते बारा तास लागतात असं बाँड धरतात. आज आपण सुरुवात दोन-चार तासांत धरतो, थंडीत थोडी उशिरा. मग ते अन्नाकडे वळतात: जठरात आणि आतड्यांवर विखुरलेलं अर्धवट पचलेलं जेवण होतं, मासे आणि बटाटे, म्हणजे जेवणानंतर तीन-चार तासांनी मृत्यू, म्हणून रात्री एक किंवा दोन.

शेजारच्या दोन बायकांनी ‘मर्डर’ अशी हाक ऐकली ती चारच्या सुमारास. कॅरोलाइन मॅक्सवेल तर सकाळी आठ-साडेआठला केलीशी बोलल्याचं शपथेवर सांगत होती. यांपैकी कोणाला खरं मानायचं हा नंतरचा प्रश्न. आधी बाँड यांचं गणित पुरं होतं का ते पाहायला हवं. जेवणानंतर तीन-चार तास, ठीक. त्यातून एक-दोन ही वेळ यायची तर जेवण रात्री नऊ-दहाच्या सुमाराला झालेलं असलं पाहिजे. कॉरोनर रॉडरिक मॅकडॉनल्ड स्वतः डॉक्टर होते, आणि त्यांनी केलीची चौकशी १२ नोव्हेंबरला एकाच दिवसात गुंडाळली. फिलिप्स यांना मृत्यूचं तात्कालिक कारण सांगण्यापुरतंच बोलू दिलं. बाँड यांना बोलावलं नाही. त्यांच्या अहवालात अकरा मुद्दे आहेत, आणि त्यांतल्या एकातही केली त्या रात्री किती वाजता जेवली याचा पत्ता नाही.